हृदय आधी तयार होतं

हिंगणा रोडकडच्या एका खासगी घोडेस्वारीच्या मैदानावरून निरोप आला, सोबत दोन आलेख. घोडी थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच्या जातीची. रेसमधून निवृत्त होऊन नागपूरला आलेली आणि आता टेंट पेगिंगच्या, म्हणजे भरधाव घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली खुंटी उचलण्याच्या खेळाच्या, वेगवान धावांसाठी पुन्हा तयार केली जाणारी. एक आलेख हिवाळ्याच्या सुरुवातीचा, दुसरा हिवाळा संपतानाचा. दुसऱ्यातली रेघ पहिलीच्या बरीच खाली सरकलेली, म्हणजे वेग तोच आणि हृदयाचे ठोके कमी. कुणालाही आनंद व्हावा असंच ते चित्र होतं. पण आलेखांच्या खाली एक फोटो होता, पुढच्या डाव्या पायाचा. गुडघ्याच्या खाली, नळीच्या हाडाच्या मागच्या बाजूला नसेला, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीसारख्या कंडरेला, बाक आलेला, कातडी ताणून चकाकणारी. आणि त्याखाली एकच वाक्य : "आकडे तर सुधरूनच रायले होते ना, मग पाय कसा गेला?"

या प्रश्नात कुणाला दोष देणं नव्हतं, खरंखुरं कोडं होतं. म्हणूनच तो डोक्यातून जाईना. घोड्याच्या छातीला पट्टा बांधायचा, मोबाइलवर ठोके आणि वेग बघायचा, ही सोय आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या तबेल्यांपुरती राहिलेली नाही. नागपुरातही ती आली आहे आणि ती आली याचा आनंदच आहे. फक्त त्या आकड्यानं कशाबद्दल सांगितलं आणि कशाबद्दल तो गप्प राहिला, हे पट्टा बांधणाऱ्याला कुणी नीट सांगत नाही.

आधी हृदयाचं पाहू, कारण घोड्याचं हृदय ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४०. भरधाव पळताना तेच २२० ते २४० वर जातात. अशी सहा-सातपट झेप माणसाच्या हृदयाला घेता येत नाही. शिवाय घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. जोराची धाव सुरू झाली की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात ओतते. विश्रांतीत रक्तात पेशींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असेल, तर पूर्ण वेगात ते ६० च्या वर पोचतं. चौखूर धावताना श्वासही टापांशी बांधलेला असतो, एक झेप आणि एक श्वास. त्यामुळे दम लागला म्हणून घोड्याला त्याच वेगात दोन श्वास जास्तीचे घेता येत नाहीत. ही सगळी यंत्रणा जन्मजात आहे. सरावानं कमाल ठोके वाढत नाहीत. एका ठोक्यात ढकललं जाणारं रक्त वाढतं, स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरतात, आणि म्हणून त्याच वेगाला ठोके कमी लागतात. आलेखातली रेघ खाली सरकते ती यामुळे.

हे मोजण्याची जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे व्ही-२००, अर्थात ठोके २०० वर पोचतात तेव्हाचा वेग. घोड्यांना ट्रेडमिलवर चालवून असं मोजमाप करण्याची सुरुवात १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये झाली. मैदानावर ते ट्रेडमिलशिवायही जमतं. दहा-पंधरा मिनिटं कदम आणि दुडकी चालवून घोडा गरम करायचा. मग साधारण ८०० मीटरचे चार टप्पे, प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा वेगात, पण टप्प्याच्या आत वेग अजिबात बदलायचा नाही. फर्लांगाच्या (सुमारे २०० मीटर) हिशेबात सांगायचं तर पहिला टप्पा ३४ सेकंदांच्या फर्लांगानं, दुसरा २५, तिसरा २०, चौथा १७. प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या वीस-तीस सेकंदांतले ठोके तेवढे धरायचे, कारण सुरुवातीला हृदय अजून वेगाला गाठत असतं. समजा तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाला, ठोके १९० आले आणि चौथ्याला, १२ मीटरला, २१२. मधली रेघ ओढली की २०० ठोक्यांचा वेग निघतो सेकंदाला सुमारे १०.९ मीटर. पाच-सहा आठवड्यांनी हाच आकडा वर गेला तर हृदय आणि स्नायू सुधारले. खाली आला तर काहीतरी बिघडलं आहे, आणि ते बऱ्याचदा लंगडणं दिसायच्या आधी कळतं. कारण दुखणाऱ्या पायानं तोच वेग ठेवायला घोड्याला जास्त कष्ट पडतात.

पण दोन्ही वेळा मैदान तेच हवं, स्वार तोच किंवा त्याच वजनाचा हवा, वेळ आणि हवा जवळपास सारखी हवी. पाण्यानं बसलेल्या मातीवर एक आकडा येतो, सैल खोल वाळूत त्याच घोड्याचे ठोके सहज वर जातात. आणि एका घोड्याचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून कोण चांगला हे ठरवू नये. तुलना त्या घोड्याची त्याच्याशीच.

पट्ट्याच्या खोड्या कळल्याशिवाय त्याचे आकडे वाचू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. एक इलेक्ट्रोड खोगिराखाली डाव्या बाजूला, मानेमागच्या पाठीच्या उंचवट्याच्या थोडा खाली बसतो. दुसरा तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखाली, डाव्या कोपराच्या मागे. दोन्ही ठिकाणचे केस मुळापर्यंत ओले करावे लागतात, त्यासाठी मिठाचं पाणी किंवा जेल. नुसता हात ओला करून फिरवला तर वरचे केस भिजतात, कातडी कोरडीच राहते. घोडा घामेजला की संपर्क आपोआप सुधारतो, म्हणून पहिल्या पाच-सात मिनिटांचे आकडे कधी कधी वेडेवाकडे असतात. तंग सैल असेल तर इलेक्ट्रोड घसरतो आणि स्नायूंच्या हालचालीलाच यंत्र ठोका समजतं. आणखी एक फसवणूक घोड्यांत नेहमी होते. त्यांच्या हृदयलेखातली टी नावाची लाट मोठी आणि चंचल असते, यंत्र तिलाही ठोका म्हणून मोजतं आणि आकडा थेट दुप्पट होतो. शांत चालणाऱ्या घोड्याचे ठोके अचानक १३० दिसले तर घाबरण्याआधी स्टेथोस्कोप लावावा. डाव्या कोपराच्या मागे, थोडा आत सरकवून. लब्-डब् हे दोन आवाज मिळून एक ठोका. नवशिके दोन्ही मोजतात आणि ३६ चे ७२ करून ठेवतात. तंदुरुस्त घोड्यात ऐकता ऐकता मध्येच एक ठोका गळतो. क्षणभर शांतता, मग पुन्हा तीच लय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होतं. विश्रांतीत असं होणं बहुतेक वेळा निरोगीच असतं आणि घोडा हलला, दुडकी चालला की ते नाहीसं होतं. चालल्यावरही लय विस्कटलेलीच राहिली तर मात्र ईसीजी काढावाच लागतो.

१२० च्या खालचे ठोके सरावाबद्दल फारसं सांगत नाहीत. तिथं घोड्याचं मन बोलत असतं. रस्त्यावरून बुलेटचा फाटका आवाज गेला, कुंपणावर प्लास्टिकची पिशवी फडफडली, शेजारच्या ठाणावरचा सोबती बाहेर नेला, एवढ्यानं आकडा वर जातो. रेसचे घोडे तर खोगीर दिसताच तयार होतात.

रक्तातल्या लॅक्टेटची, म्हणजे जोराच्या कामात स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणाऱ्या पदार्थाची, चाचणी याच्या पुढची पायरी. विश्रांतीत ते लिटरला १ मिलिमोलच्या आत असतं. वेग वाढत गेला तरी काही काळ ते हळूहळूच वाढतं, मग एका टप्प्यावर झपाट्यानं चढू लागतं. अभ्यासक सोयीसाठी ४ ची रेघ धरतात आणि त्या रेघेला घोडा कोणत्या वेगाला पोचतो ते पाहतात. पूर्ण ताकदीच्या रेसनंतर आकडा २० ते ३० पर्यंतही जातो. इथं चुका व्हायच्या जागा फार. जोराच्या धावेनंतर स्नायूंतलं लॅक्टेट रक्तात उतरायला वेळ लागतो, म्हणून नमुना दरवेळी ठरलेल्या मिनिटालाच घ्यायचा, दोन ते पाच मिनिटांच्या आत. मधल्या वेळेत घोडा चालवला की उभा ठेवला हेही लिहायचं, कारण चालणाऱ्या घोड्याचं लॅक्टेट लवकर उतरतं. नळी फ्लोराइड-ऑक्झलेटची हवी, नाहीतर नळीतल्या पेशी साखर जाळत राहतात आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा फुगतो. नळी बर्फात ठेवायची. एप्रिलमध्ये मैदानावरून सेमिनरी हिल्सच्या प्रयोगशाळेपर्यंत नमुना डिकीत टाकून नेणं म्हणजे तो फेकून देणंच. आणि खेळाडूंसाठी बनवलेलं हातातलं छोटं यंत्र वापरत असाल तर धावेनंतर घोड्याचं रक्त दाट झालेलं असतं हे विसरू नका. दाट रक्तात ते यंत्र बहुधा कमी आकडा दाखवतं. कमी आकडा दिसला की माणूस खूश होतो, हीच त्यातली अडचण.

तर मग पाय कसा गेला?

हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत बदलतात. हाडाला आणि नसेला महिने लागतात. सरावाच्या शास्त्रातली ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी ऐकली जाणारी गोष्ट. दोन महिन्यांच्या सरावानं घोडीचं हृदय तयार झालं, आता तिला तोच वेग सोपा जाऊ लागला. वेग सोपा गेला की स्वार आणखी वेग मागतो, आणि घोडीही आनंदानं देते. पण ज्या पायांवर तो वेग पडणार ते अजून जुन्याच वेगाच्या मापाचे असतात. सुधारलेला आकडा म्हणजे पायांवरचा धोका वाढल्याची सूचनाही असते. आलेखात ती कुठंच लिहिलेली नसते.

रेसच्या दोन वर्षांच्या बछड्यांत हे नळीच्या हाडावर दिसतं. वेगवान सराव सुरू झाला की नळीचा पुढचा भाग दुखू लागतो, बोट दाबलं तर बछडा पाय झटकतो. हाड कोणत्या जोरानं आणि किती झटक्यानं वाकतं, त्याप्रमाणे ते स्वतःची घडण बदलतं. मैलोन्‌मैल हळू कॅन्टर केल्यानं छाती तयार होते, पण वेगासाठी लागणारी हाडाची घडण तयार होत नाही. त्यासाठी थोड्या अंतराच्या, आधीपासून, मोजून-मापून दिलेल्या वेगवान धावा लागतात, आणि त्यांचं अंतर हळूहळू वाढवायचं असतं. शिवाय हाडाची दुरुस्ती विचित्र क्रमानं होते. बारीक तडे गेलेला भाग पेशी आधी कोरून काढतात आणि नंतर भरतात. कोरणं आठवड्यांत उरकतं, भरायला महिने. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा पोकळ असते. मोठ्या विश्रांतीनंतर परतलेला घोडा तजेलदार दिसतो आणि नेमका तेव्हाच त्याला जपावं लागतं.

नळीच्या मागची नस वेगळ्या कारणानं जाते. ती रबरासारखी ताणते आणि परतते, त्यात प्रत्येक झेपेला थोडी ऊर्जा उष्णता होऊन आत राहते. भरधाव धावेत नसेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत गेल्याचं मोजलं गेलं आहे. आत रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती उष्णता निघायला वाट नाही. गाभा आतून झिजत जातो आणि बाहेर काहीच दिसत नाही. मग एक दिवस दिसतं. त्याआधीची चाहूल फक्त बोटांना लागते. रोज सकाळी, सरावाच्या आधी, पाय धुवायच्याही आधी. गार पाणी मारलं की उष्णतेची खूण पुसली जाते, आणि रात्रभर पट्टी बांधलेली असेल तर ती सोडून थोडा वेळ जाऊ द्यायचा. आधी पाय टेकलेला असताना हाताची मागची बाजू नळीवरून फिरवायची, दोन्ही पायांवर आळीपाळीनं, कारण उष्णता तुलनेतच कळते. मग पाय उचलून गुडघ्यात मुडपायचा, म्हणजे नस सैल पडते, आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत ती गुडघ्याखालून घोट्यापर्यंत इंच इंच चाचपत न्यायची. कडा धारदार लागली पाहिजे. मऊ, भरल्यासारखी लागली, किंवा एका जागी घोड्यानं कान मागे टाकले, तर ती जागा लिहून ठेवायची आणि त्या दिवशी वेग नाही. पायाला दोन मिनिटं पुरतात. शंका असेल तर अल्ट्रासाउंड. गाभ्यातली फाटलेली जागा त्यात काळी दिसते.

फार लॅप नावाचा ऑस्ट्रेलियातला गाजलेला घोडा १९३२ मध्ये गेला. त्याचं ६.२ किलोचं हृदय कॅनबेराच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे आणि लोक ते आवर्जून पाहायला जातात. त्याचा सांगाडा आहे वेलिंग्टनला. हृदयाचं आकर्षण फार जुनं आहे, यंत्रांनी ते नव्यानं आणलेलं नाही.

आता नागपूरचं ऊन. बाहेरच्या पुस्तकांत उष्णतेचा एक सोपा हिशेब असतो : फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करा. १३० च्या आत असेल तर निर्धास्त, १५० च्या वर जपून, १८० च्या वर सराव बंद. हा हिशेब आपल्याकडे लावून पाहा. मे महिन्याची दुपार, ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ११३ फॅरनहाइट, आर्द्रता १५ टक्के. बेरीज १२८, म्हणजे निर्धास्त! तो नियम दमट हवेची भीती मनात धरून केलेला आहे. कातडीपेक्षा हवाच गरम असते तेव्हा वारा घोड्याला थंड करत नाही, उलट तापवतो. वरून ऊन, खालून तापलेली माती. घाम वाळणं एवढा एकच मार्ग उरतो आणि तो पाण्यावर आणि मिठावर चालतो. घोडा तासाला दहा ते पंधरा लिटर घाम गाळू शकतो. आपल्या कोरड्या हवेत तो येताक्षणी वाळतो, अंग कोरडं दिसतं आणि मालक म्हणतो, "घामच आला नाही, फार मेहनत झालेली नाही." तंगाच्या कडेला, मानेवर पांढरी खार बघा, मेहनत तिथं लिहिलेली असते. मात्र कोरडं अंग, खार नाही, नाकपुड्या फुगलेल्या आणि श्वास उतरत नाही, अशी चारही लक्षणं एकत्र असतील तर घाम खरंच बंद झाला आहे. हा आजार आहे, उष्ण प्रदेशात आणलेल्या घोड्यांत फार पूर्वीपासून माहीत असलेला. अशा घोड्याला तातडीनं सावली आणि पाणी.

जुलैत चित्र उलटतं. ३२ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, बेरीज १७५. घाम येतो आणि नुसताच गळतो. मे महिन्यात ठाणावर कूलर लावला तर घोड्याला खरंच आराम मिळतो, जुलैत तोच कूलर दमटपणा वाढवतो. तेव्हा नुसता पंखा बरा.

धावून आलेल्या गरम घोड्यावर गार पाणी टाकलं तर स्नायू आखडतात, ही समजूत अजून पागेपागेत आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीत अभ्यासकांनी हे तपासलं आणि गार पाणी सुरक्षित आहे, तेच सर्वांत लवकर घोडा थंड करतं, असं दिसलं. अंगभर, सतत, ओतत राहायचं. आपल्याकडे अडचण पाण्याचीच : गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेमध्ये चटका देतं. सावलीत भरून ठेवलेले ड्रम आणि बर्फाच्या लाद्या आदल्या रात्रीच तयार हव्यात. पिण्याचं पाणीही लगेच पुढे करावं. घोड्याचा घाम रक्तापेक्षा खारट असल्यानं पाणी कमी होऊनही त्याला तहान नीट लागत नाही. कामाच्या दिवसांत चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, साधारण ५० ग्रॅम साधं मीठ त्यासाठीच घालतात, पाणी भरपूर ठेवून. आणि सरावानंतर ठोके किती वेळात ६४ च्या खाली येतात ते लिहावं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत पशुवैद्यकाच्या थांब्यावर हीच रेघ धरतात. थंड करूनही अर्ध्या तासात ठोके उतरले नाहीत तर घोडा संकटात आहे.

या सगळ्यामागे एक कळ मनात राहते. हे शास्त्र वाढलं ते बऱ्याच अंशी घोडा आणखी वेगानं पळावा म्हणून. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या रेलिंगला टेकून ओरडणाऱ्या गर्दीत त्याच्या नसेचा विचार कितीजण करत असतील? घोडा कळपातला, भक्ष्य होण्याची भीती हाडात मुरलेला प्राणी. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभावच आहे. त्याला पळायचंही असतं. आपण विचारलं तर तो नाही म्हणत नाही. त्याच्या वतीनं नाही म्हणायला हे आकडे उपयोगी पडतात, आणि त्यासाठीच ते मला प्रिय आहेत.

म्हणून पागेत वही हवी, आणि वहीत पट्ट्याच्या आकड्यांच्या आधी सकाळचे रकाने. ठाणावर उभ्या, अजून चंदी न दिलेल्या घोड्याचे ठोके, तापमान (३७.५ ते ३८.५ च्या मध्ये), रात्री किती पाणी संपलं, गव्हाणीत काय उरलं, पाय कसे लागले. वजन आठवड्यातून एकदा. काटा नसेल तर छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (शेपटीकडच्या मागच्या भागाच्या) टोकापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ११,८८० नं भागायचं, किलो मिळतात. नेमकं नसलं तरी त्याच टेपनं त्याच हातानं घेतलं की चढउतार कळतो. सकाळचे ठोके दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा पाच-सहानं वर, गव्हाणीत चंदी उरलेली आणि वजन घसरतंय, तर सराव जास्त झाला आहे किंवा आजार येतो आहे. दोन्हीला पहिला उपाय विश्रांतीच. विश्रांतीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणून गवत वाढवायचं आणि घोडा हातात धरून फिरवायचा. पूर्ण दाणा खाऊन दिवसभर ठाणावर उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी गडद तांबडी होते. तेव्हा त्याला एक पाऊलही चालवायचं नाही. स्नायू दुखावल्यावर रक्तात वाढणाऱ्या दोन विकरांपैकी सीके पुढच्या चार-सहा तासांत शिखराला पोचतं, एएसटी त्यानंतर चढतं आणि बरेच दिवस वर राहतं, म्हणून दोन्ही एकदम तपासून घ्यावेत.

आणि वही वाचणाऱ्याच्या हातात सराव थांबवण्याचा अधिकार हवा. बऱ्याच ठिकाणी ठोके मोजतो मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, आलेख पाहतो मालकाचा मुलगा आणि वेग ठरवतो तिसराच कुणीतरी, तोही आदल्या रात्री. वही पहाटे पाचला भरली आणि दुपारी वाचली तर तिचा त्या दिवशीच्या घोड्याला काही उपयोग नाही. खोगीर चढायच्या आधी ती एकानं वाचायची, आणि नस जराशी भरलेली लागली तर त्या मोतद्दाराच्या शब्दावर त्या दिवशीचा वेग रद्द व्हायचा, मालक मैदानावर येऊन उभा असला तरी.